एदुविहेसची दोन पानं

एकोणीसशे बासष्टच्या मार्चमध्ये मला एक पत्र आलं होतं. त्याला मी उत्तर दिलं नाही. असं सरळ लिहिलं की गोष्ट फार लहान वाटते. माणसं पत्रांना उत्तरं देत नाहीत, त्यात नवल काय. पत्र वहीच्या एकाच कागदावर होतं आणि अक्षर डोंगरातल्या लोमा हिकारो गावच्या दुकानदाराचं होतं, कारण जिचं पत्र होतं तिला लिहिता येत नव्हतं. पहिलं वाक्य असं होतं: ‘मास्तर, दुकानदार लिहितोय आणि मी सांगतेय, तो मधेच स्वतःचं काही घालणार नाही असं त्याने देवाशपथ कबूल केलंय.’ मग खाली, गावच्या शाळेत मोठ्यांचा पुढचा वर्ग सुरू झालाय, मी गेले तर बाईंनी यादी बघितली आणि म्हणाल्या, तुमचं नाव शिकलेल्यांत आहे, तुम्ही वरच्या वर्गात बसा. वरच्या वर्गात फळ्यावर लिहिलेलं मला कळत नाही. मी बाईंना म्हटलं, मला येतच नाही. त्या आधी हसल्या, मग रागावल्या, म्हणाल्या, म्हणजे क्रांती खोटं बोलली का? तर मास्तर, तुम्ही एक ओळ लिहून पाठवा, की पेन्सिलीवर हात तुमचा होता. बाईंचा तुमच्यावर विश्वास बसेल. कोंबड्या बऱ्या आहेत. तुमचं झोपायचं टांगतं झोळणं अजून तसंच बांधलेलं आहे.

एक ओळ. एवढंच तिनं मागितलं होतं.

हे सगळं गेल्या मंगळवारी, डोळ्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसलो असताना, इतकं लख्ख आठवलं की मला घाम आला. किंबहुना आठवलं म्हणणंही बरोबर नाही, कारण विसरलो कधीच नव्हतो. फक्त इतकी वर्षं ते पत्र एका विशिष्ट बाजूनेच बघत आलो होतो आणि त्या दिवशी ते उलटलं. झालं ते एवढंच: सकाळपासून पंधरा-वीस म्हातारे बसले होते आणि आत दाराशीच एक मुलगी, पांढरा कोट, नखं जांभळी, प्रत्येकाच्या हातात एक कार्ड देऊन वाचायला सांगत होती. कार्डावर चार ओळींचा उतारा होता, समुद्रकिनाऱ्यावर पहाटे जाळी सुकवणाऱ्या कोळ्यांचा. माझ्या आधी तिघांनी तो वाचला. माझी पाळी आली, मी कार्ड हातात घेतलं आणि मधोमध एक राखाडी डाग, त्याच्या कडेला अक्षरं वाकलेली, वळवळणारी. मी घाबरलो. अट्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं मुद्रितशोधक म्हणून दुसऱ्यांच्या चुका काढत बसलेला, आणि त्या जांभळ्या नखांच्या मुलीसमोर मला लाज वाटली. मग मी वाचलं. कोळी, जाळी, पहाट, योग्य ठिकाणी थांबत, स्वल्पविरामालाही किंचित श्वास घेत. फार छान वाचलं मी.

मुलगी म्हणाली, “वा, आजोबा. रेडिओवर होता का तुम्ही?”

“नाही, बाई.”

“आवाज मस्त आहे. पण मी कार्ड बदललंय. यात आंब्याच्या झाडाचं आहे.”

मागे कुणीतरी खो खो हसलं. एक बाई म्हणाली, “अगं, त्यांना कोळीच वाचू दे, आंबे आहेत कुठे आता!” सगळा बाक हसला. मीही हसलो असेन. मुलगी वाईट नव्हती, तिनं माझ्या कोपराला हात लावला आणि हळू विचारलं, “नक्की काय दिसतंय? अक्षरं पुसट आहेत की हलतात?” आणि माझ्या तोंडून शब्द आले ते माझे नव्हते. मी म्हणालो, “मुंग्यांसारखी. बोट ठेवलं की पळतात.”

हे वाक्य एदुविहेसचं होतं.

एदुविहेस लाबान्यिनो तेव्हा एक्कावन्न वर्षांची होती आणि मी सोळा. आम्हां शहरातल्या हजारो पोरांना एकसष्ट साली, क्रांतीनंतर, सारा देश साक्षर करायला डोंगरांत पाठवलं होतं, हातात कंदील, खांद्यावर झोपायचं झोळणं, पिशवीत वाचनपुस्तक. दिवसा घरातल्या माणसांबरोबर कॉफीच्या मळ्यात राबायचं आणि संध्याकाळी त्यांना अक्षरं शिकवायची. मी राबण्यात कुचकामी होतो. एदुविहेसचा नवरा क्रेसेन्सियो म्हणायचा, “मास्तर, तुम्ही सावलीत बसून आम्हाला काही वाचून दाखवा, झाडं तरी वाचतील.” तो स्वतः दोन महिन्यांत वाचायला लागला, बोट ठेवून, ओठ हलवत, एखादा जड ओंडका ओढून आणावा तसा शब्द ओढून आणत. एदुविहेस मात्र पहिल्या धड्यापासून घडाघडा वाचायची. मी खूश झालो होतो. तीन आठवड्यांनी एकदा पुस्तक तिच्यासमोर सहज उघडलं ते चुकून भलत्याच पानावर, आणि ती घडाघडा वाचत सुटली, तोच पहिला धडा, एकही शब्द न चुकता, बोट ओळीवरून सरकवत. मी म्हटलं, “एदुविहेस, हे इथे लिहिलेलं नाही.” ती म्हणाली, “नाही? मग कुठे गेलं?” आणि पदराला हात पुसावा तसे एप्रनला हात पुसून हसली. “मास्तर, ती अक्षरं मुंग्यांसारखी आहेत हो. बोट ठेवलं की पळतात.”

मला वाटलं, ती थट्टा करते आहे. मग वाटलं, ती मंद आहे. खरं म्हणजे मला असंच वाटलं, मंद, आणि या शब्दाची मला तेव्हा लाजही वाटली नाही, उलट तिच्याविषयी एक मोठेपणाची दया वाटली. त्या सप्टेंबरात तालुक्याहून एक कॉम्रेड बाई आल्या होत्या, कुणाकुणाला चष्मा लागेल त्याची यादी करायला. क्रेसेन्सियोच्या नावापुढे मी खूण केली. एदुविहेसच्या नावापुढे केली नाही. का करणार? अंगणात उभी राहून ती पलीकडच्या कड्यावरची घार मला दाखवायची आणि मला नुसतं आभाळ दिसायचं. सरकारी जीप वळणावर यायच्या आधी ती सांगायची की मागे तिघं बसलेत आणि एकाने टोपी घातलेली नाही. जिला मैलावरची टोपी दिसते तिला हातभरावरचं अक्षर दिसत नसेल, हे पुस्तकं वाचून शहाण्या झालेल्या माझ्या डोक्यात आलंच नाही. ते आलं गेल्या मंगळवारी. मध्ये बासष्ट वर्षं गेली.

दवाखान्यातून चालत घरी आलो. आमच्या जिन्यात बारा बिऱ्हाडं होती, आता चार आहेत. बाकीच्यांच्या दारांना कुलपं आणि कुलपांवर गंज. वीज नव्हती. मी खुर्चीत बसून हाताचा पंजा डोळ्यांसमोर धरला आणि मधलं बोट दिसेना. डॉक्टरांनी सांगितलं होतं की डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे, इंजेक्शन असतं, आपल्याकडे सध्या नाही, आणि हे ते इतक्या सवयीने बोलले की मीच त्यांना “असू दे, असू दे” म्हणून धीर दिला. वर्ष, फार तर दीड. मग घरातल्या सगळ्या भिंती पुस्तकांच्या आणि त्यांत मी, क्रेसेन्सियोसारखा एकेक शब्द ओंडक्यासारखा ओढणारा. याचं वाईट वाटायला हवं होतं आणि वाटतही असेल, पण मनात सारखी एकच गोष्ट फिरत होती, की ती मंद नव्हती आणि हे जगात फक्त मला माहीत आहे.

त्या डोंगरांत तेव्हा मास्तरांना मारायला क्रांतीच्या विरोधातली माणसं फिरत होती. शेजारच्या खोऱ्यात माझ्याच वयाचा एक मुलगा झाडाला लटकलेला सापडला. त्या रात्रीनंतर एदुविहेसने माझं झोळणं बाहेरच्या खांबांवरून काढून चुलीमागे बांधलं आणि स्वतः दाराच्या आडव्या फळीला पाठ लावून झोपू लागली, मांडीवर ऊस तोडायचा कोयता. मी म्हटलं, मी घाबरत नाही. ती म्हणाली, “तुम्ही घाबरू नका, पोरा, मी घाबरते ना. एका घरात एकाने घाबरलं की पुरतं.” आई जे काही असतं ते बहुधा हेच. आणि मी तिच्यासाठी काय केलं?

नोव्हेंबर संपत आला. निरक्षर उरले नाहीत की गावावर निशाण चढायचं, आणि आमच्या आसपासच्या साऱ्या वाड्यांवर ते चढलं होतं. लोमा हिकारोत एकच नाव उरलं होतं. परीक्षा अशी होती की शिकलेल्याने क्रांतीच्या नेत्याला स्वतःच्या हाताने पत्र लिहायचं. पाच ओळी पुरत. कॉम्रेड बाई दोनदा येऊन गेल्या. तिसऱ्यांदा येण्याआधीच्या संध्याकाळी मी एदुविहेसच्या हातात पेन्सिल दिली, तिचा हात माझ्या हातात धरला आणि लिहायला लागलो. तो हात अजून आठवतो, खडबडीत, कॉफीच्या टरफलांचा वास असलेला, आणि पूर्ण सैल. तिनं हात मला देऊन टाकला होता. पाच ओळी लिहून थांबायला हवं होतं. मी दोन पानं लिहिली. डोंगरावरचं धुकं, अंधारात वाढलेल्या एका स्त्रीच्या हाती आलेला उजेड, असलं काहीबाही. मला लेखक व्हायचं होतं आणि आयुष्यातलं माझं पहिलं, आता म्हणायला हरकत नाही की शेवटचंही, लिखाण मी तिच्या हाताने केलं. लिहिता लिहिता मी मोठ्याने म्हणत होतो. ती ऐकत होती. एकदा ऐकलेलं ती विसरत नसे.

कॉम्रेड बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. “किती सुंदर लिहिलंय हो तुम्ही!” एदुविहेस माझ्याकडे बघत म्हणाली, “मास्तरांची कृपा.” दुसऱ्या दिवशी दुकानाच्या दारावर निशाण चढलं, क्रेसेन्सियोने डुक्कर कापलं. डिसेंबरात मी राजधानीच्या चौकात लाखो लोकांबरोबर घोषणा देत होतो आणि खरंच रडत होतो, हे लिहायलाच हवं, कारण आमची ती पिढी सोंग करत होती असं कुणाला वाटेल. आम्ही सोंग करत नव्हतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हा देश आपला आहे, जसा हात आपला असतो. फक्त त्या गर्दीत उभं असताना माझ्या उजव्या हातात दुसरा एक हात सैल पडलेला होता, आणि मी तो झटकला. मला शिष्यवृत्ती मिळाली. मार्चमध्ये पत्र आलं.

उत्तर द्यायचं नाही असं मी कधीच ठरवलं नाही. परीक्षा झाल्यावर देऊ म्हटलं. मग वाटलं, उत्तर तिला वाचता येणार नाही, दुकानदारच वाचून दाखवणार, म्हणजे गावभर होणार, निशाण उतरणार, आणि त्यात तिचीच अब्रू जाणार. तिची अब्रू! माणूस स्वतःशी बोलतानाही किती सभ्य भाषा वापरतो. ऑक्टोबरात त्या तेरा दिवसांत, जेव्हा अणुबाँब पडून सगळं बेट समुद्रात जाणार असं सगळे बोलत होते आणि माझी आई माळ ओढत बसली होती, तेव्हा माझ्या पोटात कुठेतरी एक बारीकसा सुटकेचा गारवा होता, की आता उत्तर द्यावं लागणार नाही. बेट राहिलं. पुढे मी शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकांची मुद्रितं तपासायचो. सात लाख सात हजार दोनशे बारा, त्या एका वर्षात साक्षर झालेली माणसं. हा आकडा आमच्या प्रत्येक पोराला पाठ असतो. दर आवृत्तीत त्यातल्या शेवटच्या दोनापाशी माझी पेन्सिल थांबायची. समासात खूण करायला जागा भरपूर असायची. मी पान उलटायचो.

आणि शहाऐंशी साल. पंचवीस वर्षं झाली म्हणून तालुक्याच्या गावी समारंभ होता, जुन्या मास्तरांना बसने नेलं. मी तिसऱ्या रांगेत होतो. व्यासपीठावर एका म्हातारीला हात धरून आणलं, पांढरा झगा, केसांत फूल, डोळ्यांवर जाड चष्मा. सांगितलं गेलं की कॉम्रेड एदुविहेस, ज्यांचं ते प्रसिद्ध पत्र तालुक्याच्या संग्रहालयात लावलेलं आहे, ते त्या दरवर्षीप्रमाणे वाचून दाखवतील. दरवर्षीप्रमाणे! तिनं दोन कागद हातात घेतले आणि वाचू लागली. धुकं. अंधार. उजेड. माझी सोळाव्या वर्षीची वाक्यं, एकेक विशेषण जागच्या जागी, काजू सोलून एकेक मांडून ठेवावेत तशी. पहिलं पान संपलं, दुसऱ्या पानावरचा मजकूर सुरू झाला, तो अर्धा झाला, आणि तिच्या हातात पहिलंच पान वर होतं. एवढ्या मोठ्या मंडपात हे कुणाच्याच लक्षात आलं नाही. टाळ्या खूप वेळ चालल्या.

नंतर ती मला शोधत आली. मी मंडपाच्या मागे थंड पाण्याच्या पिंपाशी लपल्यासारखा उभा होतो. “मास्तर,” ती म्हणाली, “कुठे चुकलं नाही ना?”

“नाही,” मी म्हणालो.

“दरवर्षी जिवाला घोर असतो. क्रेसेन्सियो होता तोवर आदल्या दिवशी माझ्याकडून म्हणवून घ्यायचा. आता शेळीला ऐकवते. शेळीला आवडतं, पण ती कागद खायला बघते.” मग माझ्याकडे नीट बघत, “किती वाळलात! राजधानीत जेवायला घालत नाहीत का?”

“एदुविहेस, तुमचं पत्र…”

“अहो, टपालाचं इकडे असंच,” ती चटकन म्हणाली. “उशीर होतो. वाटेत पूल वाहून जातो.” तिनं मला त्या अर्ध्या वाक्यातून बाहेर काढलं, जसं कधीकाळी माझं झोळणं बाहेरच्या खांबांवरून काढून चुलीमागे नेलं होतं. मग चष्मा काढून एप्रनला पुसता पुसता म्हणाली, “हा दवाखान्यात दिला, सत्तर सालानंतर कधीतरी. याने सुई ओवता येते बघा! चाळीस वर्षांत सुई ओवली नव्हती. पण पुढे काही शिकले नाही. विचारायला गेले तर म्हणतात, आजी, तुम्ही तर आम्हाला शिकवायचं. जाऊ दे. माझं डोकंच दगड, मास्तर. तुम्ही तरी काय करणार.”

तिनं सांगितलं होतं. सुई ओवता येते, असं स्पष्ट सांगितलं होतं, आणि मी त्या वाक्यात फक्त माझी सुटका ऐकली. ‘तुम्ही तरी काय करणार.’ बस निघाली तेव्हा मी खिडकीतून हात हलवला. ती दिसेनाशी होईपर्यंत हलवत होती. तिला मी किती दूरपर्यंत दिसत असेन, याचा विचार तेव्हाही केला नाही.

तर बुधवारपासून मी पत्र लिहीत होतो. पट्टी ठेवून, मोठ्या अक्षरांत, डाग चुकवायला मान तिरकी करून, दिवसाला पाच-सहा ओळी. शनिवारी समुद्रापलीकडे टाम्पाला राहणाऱ्या मुलीचा, सोराइदाचा, फोन आला.

“बाबा, डॉक्टर काय म्हणाले?”

“म्हणाले, आवाज छान आहे.”

“चेष्टा करू नका. इकडे येण्याची कागदपत्रं मी पाठवलीत, तुम्ही फक्त सही करायची. इथे इंजेक्शन मिळतं.”

“बघू. जरा एक पत्र लिहितोय.”

“कुणाला?”

मी सांगितलं. सगळं नाही, पण बरंचसं सांगितलं.

“बाबा, ती बाई एकशे तेरा वर्षांची असेल.”

“इकडे म्हातारे टिकतात, बाळ. निघून जातात ते तरुण.”

हे बोलायला नको होतं. ती म्हणाली, “झालं? टोमणा मारून झाला?” आणि मग, तिच्या आईची सवय होती तशी, रागावलेलीच पण हळू, “मेलीय ती, बाबा. तुम्हालाही माहीत आहे. मेलेल्या माणसाला, आणि तेही वाचता न येणाऱ्या, तुम्ही डोळे फोडून पत्र लिहिताय. कुणासाठी? स्वतःसाठी ना?”

“असेल.”

“मग निदान तसं म्हणा.”

ती खरं बोलत होती. ती नेहमीच खरं बोलते, म्हणूनच तिला इथे राहवलं नाही. मी नंतर विचार केला की पत्र शिक्षणखात्याला लिहावं, आकड्यातून एक वजा करा म्हणून. पण त्याचं तरी कुणाला काय. शाळांत आता शिकवायलाच कुणी नाही, आमच्या गल्लीतल्या शाळेची गणिताची बाई मायामीत नखं रंगवते. ज्या आकड्यासाठी मी गप्प राहिलो तो आकडाही आता माझ्यासारखाच म्हातारा झालाय, त्याला कुणी काही विचारत नाही. खोटं उघड करायलाही काहीतरी खरं शिल्लक असावं लागतं. आणि एदुविहेसला तर ते नकोच होतं. तिला वर्गात एक बाक हवा होता.

शेवटी पत्रात फार थोडं उरलं. क्षमा वगैरे सगळं खोडलं, ते वाचताना छान वाटत होतं म्हणून. जे ठेवलं ते असं: ‘एदुविहेस, पेन्सिलीवर हात माझा होता. तुम्हाला वाचता येत नव्हतं, कारण तुम्हाला जवळचं दिसत नव्हतं. चष्म्याच्या यादीत तुमच्या नावापुढे मी खूण केली नाही. तुमचं डोकं दगड नव्हतं. तुम्ही जे एकदा ऐकून जन्मभर लक्षात ठेवलंत, ते मला लिहूनही जमलं नसतं. हे वर्गातल्या बाईंना दाखवा.’ शेवटचं वाक्य वेडेपणाचं आहे. वर्ग नाही, बाई नाहीत. पण तिनं तेच मागितलं होतं, आणि दुसरं काही लिहिलं तर ते उत्तर झालं नसतं.

आज सकाळी पोस्टात गेलो. आमच्याकडे कुठेही गेलं की रांग लावत नाहीत, आत शिरताच मोठ्याने विचारायचं असतं, शेवटचं कोण, आणि ज्याने हात वर केला त्याच्यानंतर आपला नंबर. मी दारातून विचारलं, “शेवटचं कोण?” खिडकीमागची बाई पुठ्ठ्याने वारा घेत होती. “तुम्हीच,” ती म्हणाली. “पहिलेही तुम्हीच.”

तिनं पाकीट लांब धरून पत्ता वाचला. “लोमा हिकारो? आजोबा, तिथे आता कुणी असतं का?”

“माहीत नाही.”

“तिथलं पोस्ट केव्हाच बंद झालं. तालुक्याला जाईल, तिथून कुणी वर जाणारा असला तर नेईल. नसला तर पडून राहील.” तिनं पाकीट उलटलं. “मागे तुमचा पत्ता नाही. परत आलं तर?”

“परत आलं तर मला वाचता येणार नाही.”

तिनं तिकिटावर शिक्का मारला, तो उमटला नाही, म्हणून पुन्हा मारला. मग तिनं न बघताच हात मागे केला आणि पाकीट पोत्यात सोडलं. पोतं रिकामं असावं. ते तळाला लागल्याचा आवाज आला.